पाचशेची चूक

आमच्या आक्कांना चूक कबूल करायची भारी हौस. कुणाला दागिन्यांची असते, कुणाला भाषण ठोकायची असते, ह्यांना चूक कबूल करायची. स्वतःची, कंपनीची, प्रसंगी मशीनचीसुद्धा. मात्र जी चूक आपली नाही ती गळ्यात घालायला कुणी आलाच, तर त्याची धडगत नसायची. ऑफिसात काही जण पाठीमागं त्यांना चक्रम म्हणायचे. मीही म्हणत होतो. आज कुणी म्हणालं तर मी भांडतो.

बेळगावजवळ मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथ कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली लोखंड कातलं जायचं आणि वर आम्ही दहा-बारा जण शाळा-कॉलेजांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. मोठं मशीन सुरू झालं की आमच्या टेबलावरचे चहाचे कप थरथरायचे. मी अनगोळचा, इंजिनिअरिंग करून नुकताच चिकटलेला. आई-वडिलांना मी पुण्याला जावं असं वाटत होतं आणि मला सकाळी उशिरा उठावं असं वाटत होतं, म्हणून मी मच्छेला आलो. सर्व्हर सांभाळायचं काम आक्कांकडं होतं आणि मला त्यांच्या हाताखाली बसवलं.

आक्का पन्नाशीच्या. निपाणीच्या पलीकडं त्यांचं गाव, घरी तंबाखू आणि ऊस, घर जैन शेतकऱ्याचं. रोज एसटीनं दीड-दोन तास येणं आणि तेवढंच जाणं. कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक लॅपटॉप आणि दोन डबे. दुसरा डबा सव्वापाचला उघडायचा, कारण सूर्य मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे. एकदा सर, म्हणजे आमचे मालक, बंगळूरच्या बड्या पाहुण्यांना घेऊन ऐन सव्वापाचला आले. आक्का शांतपणे भाकरी मोडत होत्या. सर म्हणाले, "आक्का, दहा मिनिटं थांबला असता तर?" आक्का म्हणाल्या, "मी थांबतो की. सूर्य तुमचं ऐकतोय काय बघा." आमच्या भागातल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पाहुण्यांना ते नवीन होतं, ते हसले. मग त्यांनी आक्कांकडची शेंगदाण्याची चटणीही खाल्ली.

सर्व्हर बिघडला की आक्का त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायच्या. "एन आयतु रं तुला?" असं विचारायच्या, म्हणजे तुला झालं तरी काय. शेवटचा 'रं' आपला मराठी. मी विचारलं, कन्नड का? तर म्हणाल्या, "मराठीत बोललं की रागावल्यासारखं वाटतंय त्याला."

पहिल्याच आठवड्यात मी शिव्या खाल्ल्या. मी लिहिलेला एक फॉर्म कोलमडला आणि पडद्यावर जावाच्या सर्व्हरचं स्वतःचं पान आलं. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांना सांगतो: वर एक मोठा आकडा, खाली इंग्रजीत पन्नास-साठ ओळी, कुठली फाइल, कितवी ओळ, कुणी कुणाला बोलावलं आणि कोण कुठं मेलं. आम्हा लोकांना त्यातून बरंच कळतं. फॉर्म भरणाऱ्या माणसाला घाम फुटतो.

"हे असंच ठिवणार तू?" आक्कांनी विचारलं.

"डिफॉल्ट पान आहे आक्का. सगळीकडं असंच असतं."

"पाव्हणा दारात आला. आपण त्याला पाणी द्यायचं सोडून घरात सकाळपासून कोण कुणाशी भांडलं ते वाचून दाखवायचं व्हय रं?"

मग खुर्ची ओढून त्या माझ्याजवळ बसल्या. सर्व्हरच्या एका फाइलीत चार ओळी घालायच्या असतात, की अमुक आकड्याची चूक झाली तर तुझं ते पान दाखवू नकोस, आम्ही लिहिलेलं हे पान दाखव. एवढंच काम. कुणालाही येतं. पण त्या पानावर काय लिहायचं ते कुणालाच येत नाही, असं आक्कांचं म्हणणं. त्यांचा नियम ठरलेला होता. काय झालं ते सांगायचं, कुणाची चूक ते सांगायचं आणि आता काय करायचं ते सांगायचं. 'तांत्रिक अडचण' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "अडचण कुणाची? तांत्रिक म्हणजे कोण, तुझा मामा?"

त्यांचं पान असं होतं: "तुमचा अर्ज आमच्यापर्यंत पोचला नाही. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, तुमची नाही. तुम्ही भरलेलं काहीही बदलू नका. खालचा क्रमांक लिहून घ्या आणि ह्या नंबरावर फोन करा." फोन वाजायचा तो आक्कांच्याच टेबलावर. मी म्हटलं, बदलू नका असं कशाला लिहायचं, लोकांना कळतं की. आक्का म्हणाल्या, "कळत न्हाय. घाबरलेला माणूस आधी स्वतःलाच दुरुस्त कराय लागतोय."

आकड्यांचा हिशोबही तेव्हाच शिकवला. सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर एक आकडा पाठवतो, तो लोकांना सहसा दिसत नाही. दोनशे म्हणजे सगळं ठीक. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे मागणाऱ्याची चूक; पत्ता चुकला, माहिती चुकली. पाचशेच्या घरातला म्हणजे देणाऱ्याची, म्हणजे आमची. "जगात चुका दोनच जातीच्या," आक्का म्हणाल्या. "चारशेची त्यांची, पाचशेची आपली. आपली पाचशेची चूक त्यांच्या चारशेत घालायची न्हाय. तेवढं एक पाप करू नकोस, बाकी काय पण कर." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

चुकीचा पत्ता टाकला की येणारं पान त्यांनी लिहिलं होतं ते तर गमतीचंच. "हे पान इथं नाही. तुम्ही पत्ता चुकला असाल किंवा आम्ही पान हलवून सांगायला विसरलो असू. दोन्ही होऊ शकतं. विचारा." खाली तोच फोन नंबर. चिकोडीकडचे एक आजोबा, नातवाची फी ऑनलाइन भरणारे, दर महिन्याला फोन करायचे. एकदा आक्कांनी विचारलं, आजोबा, दरवेळी पत्ता कसा चुकतो? आजोबा कन्नडमध्ये म्हणाले, चुकत नाही, मुद्दाम चुकवतो. नंबर कुठं लिहून ठेवलाय ते सापडत नाही. चुकीचं काहीतरी टाकलं की तुमचं पान येतं आणि त्यावर नंबर असतो. आक्का त्या दिवशी घरी जाईपर्यंत खूश होत्या.

पान कुठल्या भाषेत, यावरून आमच्याकडं भांडण झालं नसतं तर ते बेळगाव कसलं? एका कॉलेजात दोन अधिकारी हमरीतुमरीवर आले, एक म्हणतो मराठी वर, दुसरा म्हणतो कन्नड वर. आक्कांनी दोघांना बसवलं आणि सांगितलं, "माणसाचा मोबाइल आधीच सांगतोय त्याला कुठली भाषा पायजे ते. तो मागंल ती वर. तुम्हाला कोण विचारतंय?" दोघांचाही अपमान सारखाच झाल्यामुळं तक्रार करायला जागा राहिली नाही.

पण लोक त्यांना चक्रम म्हणायचे ते यासाठी नव्हे. भाद्रपदात आक्का दहा दिवस रजेवर जायच्या. दशलक्षण पर्व. त्या दहा दिवसांत उपास, बस्ती म्हणजे जैन मंदिर, वाचन, फोन बंद. पर्व संपलं की जैन मंडळी एकमेकांना भेटून वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात, "उत्तम क्षमा" म्हणतात. नातेवाइकांत, शेजाऱ्यांत सगळेच मागतात. आक्का सर्व्हरच्या वतीनं मागायच्या. रजेवरून आल्या की पहिल्या दिवशी त्या वर्षभराची नोंदवही उघडायच्या, म्हणजे सर्व्हर आपल्या चुका ज्या फाइलीत टिपून ठेवतो ती. त्यातल्या पाचशेच्या चुका शोधायच्या, त्या वेळी पलीकडं कोण होतं त्याचा नंबर काढायच्या आणि एकेकाला फोन.

"उत्तम क्षमा. गेल्या जूनमध्ये तुम्ही फॉर्म भरत होता तवा आमचा सर्व्हर पडलाता. चूक आमची होती. माफ करा."

आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसायचो. पलीकडची माणसं बावचळायची. निम्म्यांना काही आठवत नसायचं. एकानं विचारलं, कुठली स्कीम विकताय? एक बाई मात्र बराच वेळ बोलत राहिली. फोन ठेवल्यावर आक्का आमच्याकडं वळून म्हणाल्या, "हसा लेकांनो. वर्षभर त्या बाईला वाटत होतं तिच्या हातनं कायतरी मोडलं." आम्ही त्यानंतरही हसलोच, पण जरा हळू.

आता त्या भादव्याची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही, म्हणूनच सांगतो.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षणसंस्था. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. नर्सिंगचे प्रवेश-अर्ज आमच्या सर्व्हरवर यायचे. त्यांचे रजिस्ट्रार एक दिवस आमच्या ऑफिसात आले, हातात आक्कांच्या पानाची छापील प्रत.

"संस्थेच्या बोधचिन्हाखाली 'चूक आमची आहे'? पालक काय म्हणतील?"

"म्हणतील, खरं बोलले," आक्का म्हणाल्या.

त्यांना पान बदलून पाहिजे होतं. त्यांनी मजकूरही लिहूनच आणला होता: "आपण भरलेली माहिती चुकीची आहे. कृपया तपासून पुन्हा प्रयत्न करा." क्रमांक नको, फोन नंबर नको. आणि तो पाचशेचा आकडाही नको, कारण महिन्याचा अहवाल व्यवस्थापनापुढं जातो आणि त्यात लाल रेघा दिसतात. काहीही झालं तरी सर्व्हरनं दोनशेच सांगायचं.

"माहिती चुकीची असली तर लिवतो की तसं," आक्का म्हणाल्या. "बरोबर असली तर कसं लिवू?"

"त्यात एवढं काय? लोक दुसऱ्यांदा भरतील."

"तुम्ही भराल दुसऱ्यांदा. लोक घाबरतील."

रजिस्ट्रार सरांकडं बघायला लागले आणि सर कपाकडं. आमचे सर भला माणूस. पण भल्या माणसाला कणा असतोच असं नाही. "बघतो साहेब," एवढंच ते म्हणाले. आक्का उठताना सरळ म्हणाल्या, "मी हाय तोवर न्हाय बदलायचं." आणि पुढच्या सोमवारी त्या दहा दिवसांच्या रजेवर गेल्या. अर्जांची शेवटची तारीख त्याच दहा दिवसांत होती.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "फक्त दहा दिवस. आक्का आल्या की बघू काय ते." मी नाही म्हणू शकलो असतो. नोकरी गेली असती असंही नाही. मला भीतीही वाटली नव्हती. खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडं आहे आणि सर मला बोलावून सांगतायत, ह्याचं कौतुक वाटलं. पाव तासात मी पान बदललं, दोनशेचा आकडा घातला, रजिस्ट्रारांना फोन केला. ते म्हणाले, "शाबास." त्या शाबासकीची आजही लाज वाटते.

दहा दिवस काही गडबड झाली नाही. म्हणजे अहवालात झाली नाही.

पर्व संपलं, आक्का आल्या. उपासानं उतरलेला चेहरा, पण तरतरीत. "उत्तम क्षमा" म्हणत सगळ्यांपुढं हात जोडले, मलाही. मग नोंदवही उघडली. मी पान बदललं होतं, आकडा बदलला होता. पण आतल्या नोंदीत सर्व्हर खरं तेच लिहितो, तिथं हात घालायची अक्कल मला नव्हती. बरंच झालं नव्हती ते. थोड्या वेळानं आक्कांनी मला हाक मारली. आवाज चढलेला नव्हता.

"हितं ये. बस. वाच."

त्या दहा दिवसांत पाचशेची चूक एकाच अर्जावर झाली होती. शेवटच्या दिवशी, दुपारी बारापासून चारपर्यंत, सात वेळा. अर्ज कोगनोळीजवळच्या एका खेड्यातल्या मुलीचा. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

पहिल्या वेळी बारावीचे गुण सत्त्याऐंशी टक्के. दुसऱ्या वेळी सगळं तेच, फक्त पत्ता बदललेला. वस्तीचं नाव काढून नुसतं गावाचं. तिसऱ्या वेळी आईचं नाव बदललेलं. चौथ्या वेळी जन्मतारीख एक दिवसानं पुढं. पाचव्या वेळी गुण ऐंशी. मी आक्कांकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "वाच." सहाव्या वेळी बहात्तर. सातव्या वेळी साठ. मग काही नाही.

सातही वेळा एकच रकाना रिकामा होता: वडिलांचं नाव. फॉर्मवर तो भरला नाही तरी चालेल असं आम्हीच लिहिलं होतं. पण आतला प्रोग्राम मी लिहिला होता आणि वडिलांचं नाव नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रकाना रिकामा आला की माझा प्रोग्राम कोलमडत होता.

"बापाचं नाव न्हाय म्हटल्यावर तुझा प्रोग्राम मरतोय व्हय रं?" आक्कांनी विचारलं. "आणि मेला की वर तिलाच सांगतोय, तू चुकलीस म्हणून?"

मी पान बदलल्याचं सांगितलं. त्यांना कळलंच होतं. तिनं पहिल्या वेळेला आक्कांचं पान पाहिलं असतं तर क्रमांक घेऊन फोन केला असता, आक्का रजेवर असताना तो मीच उचलत होतो, आणि दहा मिनिटांत काम झालं असतं. सत्त्याऐंशी टक्क्यांना ती यादीत पहिल्या दहांत आली असती. यादी दोन दिवसांनी लागणार होती.

"ऊठ. चप्पल घाल."

सर केबिनमधून बाहेर आले. "आक्का, फोन करा की. दरवर्षी फोनच करता ना?"

"ह्याची क्षमा फोनवर मागायची न्हाय," आक्का म्हणाल्या. "ह्याला घेऊन जातो."

आम्ही एसटी पकडली. निपाणीला गाडी बदलली. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. तिथं उतरून आम्ही आडवाटेनं चालत गेलो. एका खोलीचं घर. दारात मुलीची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. आम्हाला बघून ती उठायला लागली. ऑफिसातनं आलो म्हटल्यावर घाबरलीच. "काय केलं व्हय पोरीनं? काय चुकीचं लिवलं?"

मुलगी आतून आली. अठरा वर्षांची असेल. सोमवारपासून निपाणीत कपड्यांच्या दुकानात कामाला जाणार होती, असं आई म्हणाली. मुलगीच आमची समजूत काढायला लागली. "तुम्ही कशाला आलासा म्याडम? माझंच चुकलं. पानावर लिहून आलतं की, माहिती चुकीची हाय म्हणून. मी सगळं बदलून बघितलं."

"मार्क कशाला कमी केलीस गं?" आक्कांनी विचारलं.

मुलगी खाली बघायला लागली. "मला वाटलं, आमच्यासारख्यांचे एवढे कसे, म्हणून घेत नसतील."

मी असा कधी शरमलो नव्हतो. पळून जावंसं वाटलं. आक्का मात्र त्या मुलीसमोर उभ्या राहिल्या, पन्नाशीची बाई अठरा वर्षांच्या पोरीसमोर, आणि हात जोडून वाकल्या. "उत्तम क्षमा. तुझं सगळं बरोबर होतं. पत्ता बरोबर, तारीख बरोबर, मार्क बरोबर. चूक आमच्या प्रोग्रामची." मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "प्रोग्राम माझा आहे. आणि ते पानही मीच लावलं. माफ कर." शब्द बरोबर बाहेर आले का नाही ते आठवत नाही.

आई बिचारी म्हणाली, "असू द्या, माफ केलं. हात नका जोडू."

"एवढ्यात माफ करू नका," आक्का म्हणाल्या. "आधी तिचा अर्ज जाऊ दे. मग बघा माफ करायचं का न्हाय."

त्यानंतर कंपनीत काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मागं राहायला नको. संस्थेनं पुढच्या वर्षी काम दुसरीकडं दिलं. सरांनी आक्कांना सांगितलं, रजिस्ट्रारांची एकदा माफी मागा, मिटून जाईल. आयुष्यभर माफी मागत आलेल्या ह्या बाईनं त्या दिवशी नाही म्हटलं. "ज्याचं नुकसान झालं त्याची माफी मागतो मी. ह्यांचं काय नुकसान झालं?" पिशवीत दोन डबे घातले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आता गावाकडूनच तीन-चार शाळांचे सर्व्हर सांभाळतात. मी सहा महिने रेंगाळून मग बाहेर पडलो. लोक म्हणतात, एका पानासाठी आक्कांनी चांगली नोकरी घालवली. म्हणोत. त्या पानासाठी कुणीतरी नोकरी घालवायलाच पाहिजे होती, आणि खरं तर ती मी घालवायला पाहिजे होती.

तर कोगनोळीला जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही रजिस्ट्रारांच्या खोलीत होतो. आक्का, मी, ती मुलगी आणि तिची आई. आक्कांनी सात नोंदींचा छापील कागद टेबलावर ठेवला. रजिस्ट्रारांनी तो उचललाच नाही.

"आमच्या अहवालात एकही चूक नाही. सगळे दोनशे. हिनं अर्ज केलेलाच नाही."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. खिशात माझा मोबाइल थरथरत होता, सरांचा फोन, तिसऱ्यांदा. मी तो बंद केला.

"दोनशे मी लिहायला लावलंय," मी म्हणालो. "सर्व्हर पडला तरी दोनशेच सांगेल असं मी केलंय. माहिती चुकीची आहे हे पानही मीच लावलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?" त्यांनी दरडावून विचारलं. मी गप्प बसेन अशी त्यांना खात्री होती.

"तुमच्या."

तोपर्यंतच्या आयुष्यात मी कुणा मोठ्या माणसाला इतकं छोटं उत्तर दिलं नव्हतं.

रजिस्ट्रार उठले. कंपनी, करार, मानहानी, बरंच काही बोलले. आक्कांनी त्यांना संपेपर्यंत बोलू दिलं. मग पिशवीतून दुसरा कागद काढला, आमच्या कंपनीच्या नावाचा, खाली स्वतःची सही. एवढंच लिहिलेलं: ह्या मुलीनं वेळेत सात वेळा अर्ज केला, तो आमच्या प्रोग्राममुळं पोचला नाही, चूक आमची आहे.

"ह्यात तुमचं नाव न्हाय," आक्का म्हणाल्या. "चूक आमची, आम्ही लिवून दिली. ही तुम्ही फाइलीत लावा आणि हिचा अर्ज घ्या. न्हायतर उद्या तुम्ही यादी लावाल बोर्डावर, तिच्या शेजारी मी हे दोन्ही कागद लावतो. आणि तिथंच उभी राहतो, कुणाला वाचता येत न्हाय त्याला वाचून दाखवाय."

"बोर्ड संस्थेचा आहे."

"भिंत तुमची असंल. रस्ता न्हाय."

रजिस्ट्रारांनी मग कागद वाचला. दोनदा वाचला. सात ओळींवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं, सत्त्याऐंशी, ऐंशी, बहात्तर, साठ. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी शिपायाला हाक मारून कपाटातून छापील अर्ज मागवला, ऑनलाइनच्या आधीचा, कडा पिवळ्या पडलेला. तो मुलीपुढं ढकलला आणि घड्याळाकडं बघितलं.

मुलगी टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला लागली. नाव लिहिलं. आईचं नाव लिहिलं, पूर्ण. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ मारली. पत्त्यात वस्तीचं नाव घातलं. मग पेन थांबलं. तिनं मान वर करून आक्कांना हळूच विचारलं,

"म्याडम, मार्क किती लिहू?"

तिची आई पदराशी चाळा करत होती. रजिस्ट्रार म्हणाले, "लवकर लिही, मला मीटिंग आहे."

"थांबा जरा," आक्का त्यांना म्हणाल्या, आणि त्या खोलीत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सात वेळा आम्ही तिला खोटं ठरवलंय. आता एकदा खरं लिहू दे." मग मुलीकडं वळल्या. "पडलेत तेवढे लिही बाळ. एक पण कमी करू नकोस."

मुलीनं पेन इतकं दाबलं की आकडा खालच्या कागदावरही उमटला. सत्त्याऐंशी.